एका सर्वनामाची चूक

दुभाष्याने 'मी' म्हणायचं असतं. समोरचा म्हणाला, माझी पाठ दुखते, की दुभाष्यानेही म्हणायचं, माझी पाठ दुखते. 'तो म्हणतो, त्याची पाठ दुखते' असं म्हणायचं नाही. चौदा वर्षांत योलान्ताची ही चूक एकदाही झाली नव्हती. बर्गनमधल्या दवाखान्यांतून, शाळांतून, कचेऱ्यांतून, एकदा तर कोर्टात सलग चार दिवस, ती पोलिश माणसांच्या वतीने नॉर्वेजियनमध्ये 'मी' म्हणत आली होती. मी गवंडी आहे. मला तिसरा महिना आहे. माझ्या मुलाला वर्गात कुणी खेळायला घेत नाही. मी त्याला ढकललं नाही, तोच पडला. संध्याकाळी ट्राममध्ये बसलं की हे सगळे 'मी' एकेक करून उतरून जायचे आणि घराच्या थांब्यावर ती एकटी उतरायची. मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, ती चूक झाली.

बायकांच्या आधार केंद्रात दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. एका खुर्चीत तोरहिल्ड, केंद्रातली समुपदेशक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली, वही मिटून मांडीवर ठेवलेली. समोर किंगा, अठ्ठावीस वर्षांची, मासळीच्या कारखान्यात सामन मासे खोक्यांत भरणारी. थंड पाण्याने तिची बोटं लाल आणि जाड झाली होती, आणि ती बोटं तिने मांड्यांखाली दाबून ठेवली होती. योलान्ता दोघींच्या मधे, किंचित मागे, दुभाष्याच्या खुर्चीत. ही किंगाची तिसरी भेट. पहिल्या दोन भेटींत ती घराच्या किल्ल्यांबद्दल बोलली होती, मोबाइलबद्दल, नवऱ्याने भिंतीवर फेकलेल्या पातेल्याबद्दल. आज ती खिडकीकडे बघत सावकाश म्हणाली, "मी झोपेचं सोंग घेते. त्याला कळतं की सोंग आहे. तरी तो थांबत नाही." योलान्ताने तोंड उघडलं आणि नॉर्वेजियनमध्ये म्हणाली, "ती झोपेचं सोंग घेते." आणि तिथेच अडकली.

असं झालं तर काय करायचं याचाही नियम आहे. चूक लपवायची नाही, मोठ्याने सांगून सुधारायची. तिने ती सुधारली. "दुभाषी स्वतःची चूक दुरुस्त करते आहे," ती म्हणाली, दोन्ही भाषांत. मग पुन्हा पहिल्यापासून, "मी झोपेचं सोंग घेते. त्याला कळतं की सोंग आहे. तरी तो थांबत नाही." आणि हे म्हणताना तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. कामाचा आवाज नव्हे. तो सपाट, स्वच्छ, कुणाचाही नसलेला असा तिने वर्षानुवर्षं घासून तयार केला होता. हा दुसराच, जरा चिरकलेला. तोरहिल्डने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, एक क्षणभर, आणि परत किंगाकडे वळली. पुढची चाळीस मिनिटं एकही चूक झाली नाही.

कामानंतर गिऱ्हाइकाबरोबर एकटं थांबायचं नाही, हाही नियमच. पण ट्रामचा थांबा एकच होता आणि ट्राम आली नव्हती. किंगा जवळ येऊन उभी राहिली. "बाई, एक विचारू?"

"विचारा."

"मघाशी आत तुम्ही 'ती' म्हणालात. तेवढं नॉर्वेजियन मला येतं."

"हो. चुकले मी. लगेच सुधारलं."

"मला वाटलं, तुम्हाला किळस आली." किंगा रुळांकडे बघत होती. "म्हणून तुम्ही मला जरा लांब सरकवलंत. 'ही मी नव्हे, ही ती,' असं."

"नाही हो," योलान्ता म्हणाली. "किळस अजिबात नाही आली."

"मग ठीक आहे," किंगा म्हणाली, पण तिला ते पटलं नव्हतं, हे दिसत होतं. ट्राम आली. किंगा पुढच्या दाराने चढली, योलान्ता मागच्या.

सरकवलं होतं, हे खरं होतं. कुणाला, एवढंच किंगाला कळलं नव्हतं. योलान्ता खिडकीला डोकं टेकून बसली. काच गार होती आणि बारीक थरथरत होती. आपल्याला काही झालं आहे, असं तिला वाटलं नाही. फक्त एक वाक्य अंगात राहून गेलं होतं, उतरत नव्हतं. तिला नवऱ्याची, स्वेर्रेची, आठवण झाली. आठवण म्हणजे चेहरा नव्हे, त्याच्या पायांखाली जिन्याची तिसरी पायरी वाजते तो आवाज. तो आवाज आला की ती भिंतीकडे तोंड करते, श्वास लांब आणि सारखा करते. श्वास कसा घ्यायचा हे तिला छान जमतं. जागी असलेली माणसं झोपेचं सोंग घेताना फार शांत पडून राहतात, खरी झोपलेली माणसं मधूनच जरा हलतात. तेही ती करते. हे कौशल्य आपण शिकलो आहोत हे तिने स्वतःशीसुद्धा कधी म्हटलं नव्हतं. ट्राम बोगद्यात शिरली, काचेत तिचा चेहरा उमटला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

स्वेर्रे चांगला माणूस होता. हे सगळे म्हणत, आणि ती स्वतःही म्हणत असे. जहाजांच्या शाळेत तो इंजिनं शिकवायचा. मुलं त्याच्यावर खूश. गल्लीतल्या वाद्यवृंदात तो सर्वांत मोठं पितळी वाद्य वाजवायचा, म्हाताऱ्या शेजारणीच्या दारातला बर्फ न सांगता काढायचा. एकतीस वर्षांची योलान्ता ग्दिन्या या पोलिश शहरातून इथे हॉटेलातल्या खोल्या साफ करायला आली तेव्हा त्यानेच तिला भाषा शिकवली. घरभर पिवळे कागद चिकटवले होते. दार. खिडकी. दिवा. लोणी. आरशावर एक कागद, 'सुंदर'. ती रोज सकाळी केस विंचरताना तो शब्द मोठ्याने वाचायची आणि तो न्हाणीघरातून उच्चार सुधारायचा. ज्या भाषेवर ती आज पोट भरत होती, ती त्याने दिलेली होती. हे तो कधीमधी म्हणायचा, चारचौघांत, कौतुकाने. "हिची सगळी नॉर्वेजियन माझी आहे बरं का." लोक हसायचे.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या लाकडी घरात गेले होते, सुट्टीला. तिच्या अंगात कणकण होती. ती म्हणाली, आज नको. म्हणजे तिला तसं म्हणायचं होतं. शब्द मागेपुढे झाले. तो हसला, तिच्या कानाशी म्हणाला, "असं नाही म्हणत, 'नको' शेवटी येतं," आणि वाक्य नीट करून म्हणून दाखवलं. तिने ते त्याच्यामागून म्हटलं, बरोबर. "शाबास," तो म्हणाला. आणि थांबला नाही. तीसुद्धा हसली होती. या गोष्टीत तिला सर्वांत जास्त काय बोचायचं, तर ते तिचं हसू. पुढे सोळा वर्षांत ती कितीदा 'नको' म्हणाली आणि कितीदा नाही, याचा हिशोब ठेवता येण्यासारखा नव्हता. म्हटलं की दोन-तीन दिवस घरात दुरावा असायचा, भांडण नाही, आवाज नाही, फक्त तो तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायचा. आणि त्यानंतर तो यायचाच. सकाळी कॉफी करून आणायचा, बिछान्यात. मारलं असतं तर सांगता तरी आलं असतं, असं तिच्या मनात यायचं आणि त्या विचाराची तिला लाज वाटायची, कारण मार खाल्लेल्या कितीतरी बायकांच्या तोंडून ती 'मी' म्हणाली होती.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो बटाटे सोलत होता. "उशीर झाला," तो म्हणाला.

"ट्राम उशिरा आली."

"चेहरा का असा? कुणी रडलं वाटतं आज."

"सांगता येत नाही, माहीत आहे ना तुला."

"माहीत आहे, माहीत आहे. माझी तिजोरी." त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. हात ओला आणि थंड होता, बटाट्याच्या पाण्याने. तिची मान आपोआप थोडी खाली गेली, आणि ती खाली गेली हे या वेळी तिला कळलं. रोज जात असणार. आज कळलं, इतकंच.

मग तीन आठवडे गेले. ती कामाला जात होती, परतत होती, दर मंगळवारी किंगाच्या शेजारी बसत होती. 'मी' बरोबर म्हणत होती. किंगाला केंद्रात खोली मिळाली, वकील मिळाला, एक दिवस तिने हात मांड्यांखालून काढून टेबलावर ठेवले. योलान्ता त्या लाल बोटांकडे बघत राहिली. बायकांना इथे काय काय मिळतं हे शहरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? केंद्रात जायला कुणाची चिठ्ठी लागत नाही, थेट दारात जायचं. इस्पितळात एक विभाग आहे, तिथे पोलिसांत न जाताही तपासून घेता येतं, बोलता येतं, आणि पुढे काय करायचं ते नंतर ठरवता येतं. नवऱ्याने केलं तरी तो गुन्हाच, त्याला कायद्यात शब्द आहे. तो शब्द तिच्या शब्दांच्या वहीत दोन्ही भाषांत, शेजारी शेजारी, सुबक अक्षरात लिहिलेला होता. आणि तरीही ती त्याच केंद्राच्या दारात कशी जाणार? तिथली प्रत्येक बाई तिला नावाने ओळखत होती. नाताळात तिला चॉकलेटचा डबा देत. ती मदत करणाऱ्यांच्या बाजूची होती. दुसऱ्या शहरात जावं, असं तिने ठरवलं, मग रद्द केलं. एकदा दुपारी घराच्या तळघरात, धुण्याच्या यंत्रापाशी उभं राहून तिने मदतीच्या देशभर चालणाऱ्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईने दोन वाक्यं ऐकली आणि मायेने विचारलं, "तुम्हाला दुभाषी हवी आहे का? पोलिश असेल तर लगेच मिळेल." शहरात पोलिश दुभाषी तीन. एक ती स्वतः, एक तिची मैत्रीण, एक तिनेच शिकवून तयार केलेली. योलान्ता म्हणाली, "नको, आभारी आहे," आणि फोन ठेवला. मग त्या यंत्राला टेकून तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू. यंत्र पिळायला लागलं होतं, त्या आवाजात वर काही ऐकू गेलं नसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी ती गेली. आदल्या रात्री काही वेगळं घडलं होतं असं नाही. सकाळी कॉफी आली, कपाच्या कडेला त्याने दोन बिस्किटं ठेवली होती, आणि तिला एकदम वाटलं की हा कप आता आपल्याला उचलता येणार नाही. उचलला तर पुढची सोळा वर्षं उचलावी लागतील. तो शाळेत गेल्यावर तिने कॉफी बेसिनमध्ये ओतली, कप धुतला, कोट घातला.

केंद्राच्या काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं. "योलान्ता, आज तुमचं नाव नाहीये यादीत. घोटाळा झालाय का काही?"

"नाही. आज मी कामाला आले नाहीये."

मुलीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा फार बदलला नाही, आणि त्यासाठी योलान्ता पुढे कित्येक दिवस तिची ऋणी राहिली. मुलगी उठली, म्हणाली, "बसा. मी तोरहिल्डला बोलावते. पाणी देऊ?"

खोली तीच. खुर्च्या त्याच. ती सवयीने मधल्या, मागच्या खुर्चीकडे वळली आणि तिथेच उभी राहिली. योलान्ता खिडकीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. इथून खिडकीतून काय दिसतं हे तिला आजवर माहीत नव्हतं. एक भिंत दिसत होती, आणि भिंतीवर कुणीतरी वाळत टाकलेली सतरंजी.

"मला त्या दिवशी वाटलं होतं," तोरहिल्ड म्हणाली. "पण विचारायला धजले नाही. तू कामावर होतीस."

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते."

"हं. म्हणूनही नाही विचारलं."

मग योलान्ता बोलली. सुरुवातीला तिला वाटलं, आपण वहीतले शब्द वापरू, नेमके, कायद्याचे. ते आले नाहीत. आलं ते असं: "माझा नवरा मला नको असताना करतो. मी नको म्हणते, तरी करतो. हल्ली मी म्हणतही नाही." इतकं म्हणून झाल्यावर ती भाषांतर होण्याची वाट बघत बसली. कुणी भाषांतर केलं नाही. वाक्य तसंच राहिलं, तिच्या आणि तोरहिल्डच्या मधे, आणि तोरहिल्डला ते कळलं होतं.

"किती वर्षं?"

"सोळा. तो चांगला आहे, तोरहिल्ड. खरंच. शेजारणीचा बर्फ काढतो."

"असेल," तोरहिल्ड म्हणाली. "बर्फाचं बर्फापाशी राहू दे."

तासभर त्या बोलल्या. काय काय करता येईल ते तोरहिल्डने एकेक करून सांगितलं, आणि योलान्ताला सगळं पाठ असूनही तिने ते पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकलं. खोली रिकामी आहे. आज यायचं, उद्या यायचं, की यायचंच नाही, हे तुझं तू ठरव. पोलिसांचंही तसंच. त्याला एकटीने गाठून सांगायला जाऊ नकोस, एवढं मात्र ऐक. शेवटी तोरहिल्ड चष्म्याच्या दोरीशी चाळा करत म्हणाली, "एक गोष्ट आहे. किंगाचं काम आता तुला करता येणार नाही. दुसरी कुणीतरी बघावी लागेल."

हे तिला माहीत असायला हवं होतं. तरी ते लागलं. "तिला काय सांगशील?"

"दुभाषी बदलली, इतकंच. कारण सांगता येत नाही."

"तिला वाटेल, मला तिची किळस आली."

तोरहिल्डने थोडा विचार केला. "तू पत्र लिही. तुझं काही सांगू नकोस. तिचं काही चुकलं नाही, इतकंच लिही. मी नेऊन देईन." योलान्ताने तिथेच बसून ते लिहिलं, पोलिशमध्ये, चार ओळी. किंगा तोवर केंद्रातून स्वतःच्या भाड्याच्या खोलीत गेली होती. उत्तर आलं ते पुढच्या आठवड्यात, त्याच कागदाच्या मागे: तुम्ही लांब सरकवलंत ते मला नव्हे, हे मला कळलं होतं बाई, ट्राममध्ये बसल्यावर कळलं. तुम्ही मागच्या दाराने का चढलात, त्याचाच विचार करत होते.

सोमवारी दुपारी, स्वेर्रे शाळेत असताना, केंद्रातली एक बाई गाडी घेऊन आली आणि योलान्ता दोन बॅगा घेऊन निघाली. टेबलावर चिठ्ठी ठेवली: मी जाते आहे, मी ठीक आहे, शोधू नकोस. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. तो घ्यायची सक्ती नव्हती. तिने घेतला.

"कुठे आहेस?"

"सुरक्षित आहे."

"सुरक्षित? कुणापासून?" त्याचा आवाज खरोखरच गोंधळलेला होता. "मी तुझ्यावर कधी हात उचलला? सांग ना. एकदा तरी?"

"नाही उचललास."

"मग लोकांना काय सांगत सुटली आहेस?"

"मी नको म्हणत होते, हे."

पलीकडे रेडिओ लागलेला होता, तो त्याने बंद केला. "तू असं कधी नीट म्हणालीच नाहीस, योलान्ता."

"म्हणाले होते. तूच शिकवलं होतंस, कसं म्हणायचं ते."

मग तो म्हणाला, "आता वाद्यवृंदातल्या लोकांना मी काय सांगू?" आणि योलान्ताच्या लक्षात आलं की आपल्याला या प्रश्नाचं उत्तर शोधायचं नाही. आजवर घरातला प्रत्येक प्रश्न तिनेच सोडवला होता. "ते तू बघ," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. मग ती जिन्यात जाऊन बसली. पोलिसांत जायचं की नाही हे तिने अजून ठरवलं नव्हतं. इस्पितळातल्या त्या विभागात मात्र ती गेली होती, तिथल्या नर्सने तिचं सगळं लिहून घेतलं होतं, तारखेसकट, आणि म्हणाली होती, हे इथे राहील, तुम्हाला हवं तेव्हा.

केंद्रातल्या स्वयंपाकघरात सकाळी पाच-सहा बायका असत. त्यांत ओडलाऊग होती, त्र्याहत्तर वर्षांची, अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारातून एक पाठीवरची पिशवी घेऊन बाहेर पडलेली. ती मोठ्याने बोलायची, केंद्रातल्या कॉफीला भांडी धुतलेलं पाणी म्हणायची आणि तीन कप प्यायची. रविवारी ऊन पडलं. ओडलाऊग बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली, "चल ग, डोंगरावर जाऊन येऊ. अशी हवा रोज नाही मिळायची."

"नको," योलान्ता म्हणाली.

"बरं," ओडलाऊग म्हणाली, आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

योलान्ता वाट बघत बसली. तिच्याजवळ कारणं तयार होती, एकाखाली एक रचलेली: गुडघा दुखतो, फोन यायचाय, बूट ओले आहेत. का नको, असं ओडलाऊग आता विचारेल. मग पुन्हा आग्रह करेल, मग जराशी फुगेल, आणि दुपारभर स्वयंपाकघरात तो रुसवा सांभाळत वावरावं लागेल. ओडलाऊगने काठी घेतली, टोपी घातली, दार ओढून घेतलं. खिडकीतून ती रस्ता ओलांडताना दिसली. तिच्या चालण्यात राग नव्हता. चढाच्या वळणावर तिने नाक शिंकरलं आणि दिसेनाशी झाली. स्वयंपाकघरात कुणीतरी पाव कापत होतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. घरात काहीही बदललं नाही. योलान्ताने दोन कप चहा प्यायला, सावकाश, दोन्ही गरम असतानाच.

ओडलाऊग दोन तासांनी परतली. गाल लाल, नाक लाल. तिने बूट वर्तमानपत्रावर ठेवले आणि मोजे ओढत म्हणाली, "वर अजून बर्फ आहे. बाकावर बसून संत्रं खाल्लं. अर्धं ठेवलंय तुझ्यासाठी, हवं असेल तर."

"हवंय," योलान्ता म्हणाली.